दाराच्या मागे काय आहे?

किल्लीवाल्याचा धंदा लोकांची बंद दारं उघडून द्यायचा, आणि स्वभाव मात्र कोणावर म्हणून भरवसा न ठेवण्याचा. जिन्याखाली त्याचं एवढंसं दुकान होतं. किल्ल्या घासायचं यंत्र, भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, बसायला एक स्टूल आणि गिऱ्हाइकाला उभं राहायला रस्ता. कोणी धापा टाकत आलं, "अहो, लवकर चला, वाऱ्यानं दार लागलं आणि किल्ली आत राहिली," की हा हातातली कानस सावकाश खाली ठेवायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि विचारायचा, "दाराच्या मागे काय आहे?"

लोक चिडायचे. पण त्याला पर्वा नव्हती. घराचा दर्शनी भाग कोणीही खिडकीतून बघू शकतो. दार आतून लावून घेतल्यावर त्याच्या पाठीशी काय दिसतं, हे फक्त तिथं राहणाऱ्याला माहीत, असा त्याचा हिशेब. केरसुणी, छत्र्या, जुनं कॅलेंडर, काही का असेना, पण उत्तर पटकन आलं पाहिजे. एकदा टाय लावलेल्या एका गृहस्थाला आपल्याच दाराच्या मागे काय आहे ते आठवेना. किल्लीवाला ढिम्म हलला नाही. शेवटी गृहस्थाची बायको आली आणि म्हणाली, "इस्त्रीचं टेबल. रोज त्याला धडकतो हा." मग दार उघडलं. तेव्हापासून गल्लीत सगळे त्याला फौजदार म्हणायला लागले आणि त्याला ते मनातून आवडायचं.

घरातही फौजदारी चालूच. मुलगी शिकत होती तेव्हा तिच्या मागे त्यानं प्रश्नांचा ससेमिरा लावला होता. कुठं होतीस, कोणाबरोबर होतीस, बस उशिरा आली तर मग शेजारची मुलगी वेळेवर कशी आली? पोरीचं नाव घरात छकुली. आता ती चांगली तिशीची बाई झाली होती, दूरच्या शहरात औषधांच्या कारखान्यात नोकरीला होती, तरी छकुलीच. कारखान्याच्या दारातच फोन बंद करून कपाटात ठेवायचा, संध्याकाळी सुटताना घ्यायचा, असा तिथला नियम. पंधरा दिवसांतून कधीतरी तिचा फोन यायचा, तोही आईला. बापाच्या वाट्याला शेवटी "हां बाबा, बरंय बाबा, ठेवते बाबा" एवढंच यायचं.

तर अशा या माणसाच्या लक्षात आलं की, बायकोचं काहीतरी वेगळंच चाललं आहे. बिनसलं असतं तर त्याला कळलं असतं. इथं उलट सगळं सुधारलं होतं, आणि म्हणूनच त्याला संशय आला. तिचे गुडघे पार कामातून गेले होते. दिवसभर ती खिडकीशी खुर्चीत बसून असायची, उठायचं तर काठी लागायची, आणि संध्याकाळी तो घरी आला की कण्हण्यानं स्वागत. ऑपरेशन ठरलं होतं. त्यासाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते, किल्ली किल्ली घासून जमवलेले. पण छकुलीला यातलं काही कळवायचं नाही, अशी बायकोची सक्त ताकीद. "धावत येईल, रजा बुडवेल. बरी झाले की मीच सांगेन."

आणि आता ही बाई खुर्चीत बसून एकटीच हसत होती. फोन टिंग वाजला की चेहरा उजळायचा. तो खोलीत आला की फोन मांडीवर पालथा.

"कोण गं?"

"कोणी नाही. शाळेतल्या मैत्रिणी आहेत. ग्रुप केलाय."

शाळेतल्या मैत्रिणींशी बोलताना कोणी इतकं लाजत नाही, हे त्याला कळत होतं. त्यानं दोनदा आडून आडून विचारलं, एकदा सरळ विचारलं. तिनं ताकास तूर लागू दिली नाही. या वयात बायकोवर संशय घ्यायचा म्हणजे हसू करून घ्यायचं, म्हणून तो गप्प बसला. पण रात्री गॅसचं बटण दोनदा तपासणारा माणूस असा गप्प बसला, तरी आतून गप्प थोडाच बसतो!

मग एका दुपारी दुकानात त्याचाच फोन टिंग वाजला. अनोळखी नंबर.

"बाबा, मी छकुली. माझा फोन पाण्यात पडला, हा नवा नंबर आहे. मोठ्या अडचणीत आहे. घरमालकानं आज संध्याकाळपर्यंत खोली खाली करायला सांगितलं आहे. नाहीतर सामान रस्त्यावर टाकतो म्हणतो. त्याचा खाते नंबर पाठवते. पैसे लगेच टाका. पगार झाला की परत करते."

किल्लीवाल्यानं चष्मा कपाळावर चढवला. असल्या मेसेजांबद्दल त्यानं ऐकलेलं होतं. समोरच्या शिंप्याच्या मेहुण्याला असाच गंडा बसला होता, आणि "बावळट आहे तुझा मेहुणा" असं यानंच शिंप्याला ऐकवलं होतं. त्यानं आधी छकुलीचा जुना नंबर लावला. बंद. मेसेज म्हणतो तसं फोन पाण्यात पडला असेल तर बंदच असणार, आणि पोरगी कामावर असेल तरी बंदच असणार. यातून काही निष्पन्न होईना. नव्या नंबरावर लावला तर कोणी उचलेना. लगेच मेसेज आला. "माइक बिघडलाय बाबा, आवाज जात नाही. लिहूनच सांगते."

ठीक आहे, तो म्हणाला, लिहूनच सांग. आणि त्यानं आपला हुकमी प्रश्न टाकला.

"आपल्या घरी दाराच्या मागे काय आहे?"

क्षणभर काही आलं नाही. तो गालातल्या गालात हसला. आणि मग उत्तर आलं.

"आईची काठी. आणि खुंटीवर तुमचा तो मळका कोट, जो तुम्ही टाकू देत नाही."

म्हणजे पोरगीच आहे ही. खरंच अडचणीत आहे, आणि आपण तिचीही परीक्षा घेत बसलो! त्यानं पैसे पाठवायचं अॅप उघडलं. खाते नंबर भरला, दोनदा तपासला, रक्कम घातली. एक बाई किल्ली करून घ्यायला आली, तिला त्यानं हातानंच थांब म्हणून सांगितलं. आता फक्त शेवटचं बटण दाबायचं होतं.

आणि तिथंच मनात शंकेची पाल चुकचुकली.

काठी. काठी तर छकुली गेल्यानंतर आली. ती घरी असताना तिची आई जिने उतरून बाजार करून यायची. काठी यानंच आणली, तिच्या टोकाला रबर यानंच बसवलं, आणि छकुली त्यानंतर घरी फिरकलेली नाही. तिनं सांगायला हवं होतं आरशाबद्दल. दाराच्या मागे तेव्हा आरसा होता. बाहेर पडताना ती त्यात बघून केस नीट करायची आणि हा मागून विचारायचा, कुठं निघालीस? आरसा काढला तेव्हा तिथं खुंटी ठोकली. घरात आज जे आहे ते मेसेज पाठवणाऱ्याला माहीत होतं, आणि पोरीला जे माहीत असायला हवं ते माहीत नव्हतं.

उत्तर बरोबर होतं आणि तेच चुकलं होतं. आजवर ज्या प्रश्नानं त्यानं गल्लीभर ऐट मिरवली, त्याच प्रश्नानं त्याला आज खड्ड्याच्या काठावर आणून उभं केलं होतं. त्यानं अॅप बंद केलं, बाईला "उद्या या" म्हणाला आणि दुकानाचं शटर ओढलं.

घरी जाताना त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं. काठीचं बाहेर कोणाला माहीत? दोघांनाच. त्यानं तर कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे बायकोनंच कोणाला तरी आपलं घर आतून दाखवलं. कोणाला? आणि कशासाठी? मनात नको नको ते आलं. आपल्याच बायकोबद्दल आपण हे काय मनात आणतोय, याची त्याला लाज वाटली, पण पाय काही हळू पडेनात.

ती खिडकीशीच होती. त्यानं वहाणाही काढल्या नाहीत.

"फोन दे."

"काय झालं?"

"दे म्हणतो ना."

तिनं फोन छातीशी धरला. मग त्याचा चेहरा बघून म्हणाली, "तुम्हाला मेसेज आला ना तिचा? पाठवलेत का पैसे?"

"तिचा म्हणजे कोणाचा?"

"छकुलीचा हो! अजून कोणाचा? मीच दिला तुमचा नंबर. तिचे सगळे नंबर गेले ना पाण्यात." आणि मग सगळं भडाभडा बाहेर आलं. फोन पाण्यात पडला म्हणून बाबा रागावतील, त्यांना इतक्यात सांगू नकोस, असं छकुलीनंच म्हटलं होतं. म्हणून मैत्रिणींची थाप मारली. "रोज बोलते हो माझ्याशी. रोज! किती बदललीय पोरगी."

त्यानं फोन घेतला आणि अगदी पहिल्या मेसेजपासून वाचायला लागला. "आई, माझा फोन पाण्यात पडला. हा नवा नंबर सेव्ह कर, जुना काढून टाक. माइक बिघडलाय, लिहूनच बोलू." त्यावर हिचं उत्तर, "छकुली का गं?" आणि तिकडून, "हो आई." मग हिनंच विचारलं, कारखान्यात कामाला त्रास नाही ना? तिकडून, "कारखान्यात खूप काम असतं आई." गुडघ्याचं हिनं सांगितलं. काठी दाराच्या मागे ठेवते, हे हिनं सांगितलं. ऑपरेशनचे पैसे बाबांच्या खात्यात तयार आहेत, काळजी करू नकोस, हेसुद्धा हिनंच सांगितलं होतं. दारामागच्या खुंटीवरच्या मळक्या कोटाची तर भलीमोठी तक्रार होती. तो मेसेज वर-खाली करत वाचत राहिला. तिकडच्या माणसानं आपणहून घरची एकही गोष्ट सांगितली नव्हती. ही देत गेली आणि तो तेच हिच्या पानात परत वाढत गेला.

"ही छकुली नाही," तो म्हणाला.

"काहीतरीच काय! तिला सगळं माहीत आहे."

"तू सांगितलंस म्हणून माहीत आहे. नावसुद्धा तूच सांगितलंस. बघ."

तिनं बघितलं नाही. "तुम्हाला जगात सगळेच चोर दिसतात. पोटची पोरगीसुद्धा. विचारा तिला काय विचारायचं ते, पण पैसे पाठवा."

त्यानं तिच्यासमोरच आपल्या फोनवर लिहिलं. "काठीच्या आधी दाराच्या मागे काय होतं?"

या खेपेला उत्तर झटकन आलं. "बाबा, ही वेळ आहे का परीक्षा घ्यायची? घरमालक दारात उभा आहे. तुमचा माझ्यावर कधीच विश्वास नव्हता."

त्यानं ते पुन्हा वाचलं. हे शब्द छकुलीचे होते. अगदी हेच, याच सुरात, घर सोडताना ती बोलली होती. त्या चोराला हे कुठून मिळालं? की ही खरंच छकुली आहे, आईनं काठीचं सांगितलं म्हणून तिला काठी माहीत आहे, आणि आपण पोरीला दुसऱ्यांदा दारात उभं करतोय? अशा बापाला कोणतीही पोरगी हेच म्हणेल, हे तेव्हा त्याला सुचलं नाही. ते फार उशिरा सुचलं, आणि सुचल्यावर बरं वाटलं नाही.

बायको रडायला लागली होती. "माझ्या गुडघ्यांसाठी पोरीला रस्त्यावर आणणार का तुम्ही? नको मला ते ऑपरेशन. मी बसून काढीन राहिलेले दिवस. पाठवा हो, पाया पडते."

त्याचं बोट पुन्हा अॅपवर गेलं. काय करावं? पोरगी खरी असेल आणि पैसे पाठवले नाहीत, तर ती आयुष्यात पुन्हा तोंड बघणार नाही. पोरगी खोटी असेल आणि पाठवले, तर ही बाई पुन्हा कधी धड जिना उतरणार नाही. पण आयुष्यभर अंगात मुरलेला फौजदार असा सहजी मरत नाही. त्यानं लिहिलं, "घरमालक दारात उभा आहे ना? त्याच्या फोनवरून फोन कर. एक शब्द बोल. पैसे लगेच टाकतो."

तिकडून बराच वेळ काही नाही. मग, "तो फोन देत नाही." मग, "बाबा प्लीज." मग बायकोच्या फोनवर, "आई, बाबांना सांग ना. तू तरी माझी आहेस ना?"

"पैसे हवेत त्याला, आणि फोन देत नाही?" किल्लीवाला म्हणाला. "असा कसला घरमालक! पैसे मिळणार असतील तर मी माझं दुकान देईन हातात." त्यानं दोन्ही फोन टेबलावर ठेवले आणि त्यांच्यावर आपला पंजा दाबून धरला. "संध्याकाळी ती सुटेल. जुन्या नंबरावर फोन लागला तर खरं-खोटं होईल. तोपर्यंत एक पैसा जाणार नाही."

"आणि तोपर्यंत काही झालं तर?"

"तर मी जबाबदार."

बोलायला बोलला, पण ती दुपार काही सरता सरेना. बायकोनं त्याच्याकडे पाठ केली. पंज्याखाली फोन थरथरत राहिले, आणि दर वेळी तिचे खांदे हलले. त्यानं चहा करून तिच्यापुढे ठेवला, तो निवून साय धरेपर्यंत तिथंच राहिला. जुना नंबर तो पुन्हा पुन्हा लावत होता. बंद. बंद. आपण एखाद्या दगडासारखे बसलो आहोत, असं त्याला वाटत होतं, आणि दगडाला आतून इतकी भीती वाटते हे त्याला आज कळत होतं.

उन्हं उतरल्यावर त्याचा फोन मोठ्यानं वाजला. पडद्यावर छकुलीचा जुना नंबर होता.

"बाबा? काय झालं? इतके मिस्ड कॉल? आई बरी आहे ना?"

आवाज. दम लागलेला, चिडका, घाबरलेला, तिचाच आवाज. किल्लीवाल्याचा जीव भांड्यात पडला. "तुझा फोन पाण्यात पडला का गं?" एवढंच कसंबसं विचारलं.

"कसलं पाणी? कोणी सांगितलं?"

मग सगळं सांगून झालं. गुडघ्यांचंही सांगावं लागलं, आणि ते आपल्याला कळवलं नाही म्हणून छकुली त्याच्यावर उखडली. ती रागावली तेव्हा त्याला खरी खात्री पटली. शेवटी ती म्हणाली, "आईला दे." त्यानं फोन आईच्या कानाला लावला. आईनं ऐकून घेतलं. "हो," म्हणाली, "नाही," म्हणाली, "बरं, ठेव" म्हणाली. नंतर तिनं आपला फोन मागितला. ते मेसेज तिला पुसून टाकायचे होते.

"पुसू नकोस," तो म्हणाला. "उद्या पोलिसांकडे जायचं."

"कशाला? पैसे तर गेले नाहीत."

"आपले नाही गेले. आज तो दुसऱ्या कोणाच्या तरी आईशी बोलत असेल."

तिनं फोन खाली ठेवला. कोणाच्या तरी आईशी, हे तिला कुठंतरी लागलं, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं दुसरं काही म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी काठी आणि कठडा धरून ती कशीबशी जिना उतरली आणि दोघं रिक्षानं पोलीस ठाण्यात गेली. असल्या तक्रारींसाठी तिथं वेगळं टेबल होतं आणि टेबलामागे एक तरुण हवालदारीण. तिनं नंबर लिहून घेतला, त्या खोट्या घरमालकाचा खाते नंबर लिहून घेतला. "पुसलं नाहीत हे फार बरं केलंत. हे खातं आता बँकेला कळवते, म्हणजे निदान यातून कोणाचे पैसे पुढे जाणार नाहीत. तोवर नंबर ब्लॉक करू नका, आधी सगळ्याचे फोटो काढू द्या." मग ती मेसेज वाचायला लागली. वाचता वाचता तिचा वेग मंदावला.

रोज सकाळी, "आई, उठलीस का? झोप लागली का?" रोज दुपारी, "जेवलीस का वेळेवर?" रोज संध्याकाळी, "आज गुडघा कसा आहे? फार दुखला का? मी असते तर चेपून दिला असता."

"काकू," हवालदारीण शक्य तेवढ्या मऊपणे म्हणाली, "तक्रारीत लिहावं लागतं म्हणून विचारते. तुमची मुलगी एरवी असंच बोलते का?"

"नाही."

"मग तुम्हाला शंका नाही आली?"

किल्लीवाल्याची बायको आपल्या काठीच्या मुठीकडे बघत होती. "आली ना," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी आली. आमच्या घरात असं कोणी विचारत नाही." तिनं मुठीवरून अंगठा फिरवला. "पण म्हटलं, विचारतंय ना कोणीतरी."

किल्लीवाल्याला तोंडात मारल्यासारखं झालं. गेले कितीतरी दिवस तो या बाईला प्रश्न विचारत होता. कोण गं, कशाला हसतेस, फोन का पालथा ठेवलास. गुडघ्यांसाठी त्यानं पैसे जमवले होते, डॉक्टर गाठला होता, काठीला रबर बसवलं होतं. विचारलं मात्र एकदाही नव्हतं.

सही झाली. हवालदारीण म्हणाली, आता ब्लॉक करा. बायकोनं फोन नवऱ्याकडे दिला. "तुम्हीच करा." त्यानं केलं. करताना तिनं मान दुसरीकडे वळवली होती.

ठाण्याबाहेर पायऱ्या होत्या. एरवी तो भराभर उतरून खाली जाऊन उभा राहायचा आणि तिथून वर बघायचा. आज तो तिच्या बाजूला थांबला. शेवटी इकडे तिकडे बघत, कोणी ऐकत नाही ना याची खात्री करून घेत, तो म्हणाला, "गुडघा फार दुखतोय का?"

तिची काठी पायरीवर थबकली. तिनं मान वळवून त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"का? काय हवंय तुम्हाला?"

"मला काय हवं असणार? काही नाही."

"मग विचारलंत कशाला?"

किल्लीवाल्यानं चष्मा कपाळावर चढवला. ती उत्तराची वाट बघत पायरीवर तशीच उभी राहिली.